खांबाशी बसणारे

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? पंख्याखालच्यांनी जरा हात वर करा. बरं. माइक धरून बोलायची मला सवय नाही. पस्तीस वर्षं बँकेत काउंटरच्या जाळीतून बोलले. तिथं आवाज चढवावा लागत नसे, ज्याचं काम असेल तो आपणहून वाकायचा.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, ‘रात्रीचे राग आणि ध्वनिक्षेपकाचा नियम’. विषय मीच दिलाय. मालकंस, दरबारी, अडाणा, मग उत्तररात्रीचे सोहनी, परज, पहाटेचा ललत, हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळणं कसं थांबलं आणि आपण ठाणेकर त्यावर काय करू शकतो, एवढंच सांगायचंय. त्याला वीस मिनिटं पुरे. मला दिलीत पंचेचाळीस. तेव्हा आधी थोडं दुसरं बोलते.

मी शास्त्रीय गवई मल्लिकार्जुन मन्सूरबुवांच्या गाण्याची वेडी. आवड वगैरे म्हणत नाही, वेडीच. याची सुरुवात रेडिओपासून. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा अखिल भारतीय संगीताचा कार्यक्रम लागायचा, तुमच्यातल्या निम्म्यांना आठवत असेल. नौपाड्यात दोन खोल्या, आतल्या खोलीत सासूबाई झोपलेल्या, म्हणून आवाज इतका बारीक की रेडिओला कान चिकटवून बसावं लागे. तसा कान लावला असताना एकदा बुवा लागले. तंबोरा जुळतोय तोवर बुवा बंदिशीत शिरलेसुद्धा. प्रस्तावना नाही, आळवणं नाही, एकदम आत. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, “हा माणूस गातोय की कुणाशी भांडतोय?” तेव्हाच मला कळलं, याला ऐकायला मला एकटीलाच जावं लागणार.

तरी आधी ह्यांना घेऊन गेले होते. दादरला एका कार्यक्रमाला. माणूस भला हो, काही बोलले नाहीत. पण घड्याळ बघायचे. बघायचे म्हणजे मला कळू नये म्हणून शर्टाची बाही वर सारायचे, मग केस नीट करण्याच्या निमित्तानं मनगट डोळ्यांसमोरून न्यायचे. दोन तासांत त्यांनी अकरा वेळा केस नीट केले. मला कसं माहीत? मी मोजत होते ना! समोर कोण काय गातंय ते आज आठवत नाही, पण अकरा आठवतं. म्हणून सांगते, गाण्याला सोबत न्यावी तर आपला एक कान सोबतीपाशीच राहतो. त्याला आवडतंय का, त्याला जांभई आली का, त्याला भूक लागली का. एका कानानं तानपुरासुद्धा धड ऐकू येत नाही.

तर पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव. तुम्हाला इतिहास सांगायला नको. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, डिसेंबरात असतो, आणि तेव्हा तो रात्रभर चालायचा. बुवा गाणार आहेत असं कळलं. साल सांगत नाही, लगेच माझं वय काढाल. ऐंशीच्या दशकातलं समजा. मुलगी पाच वर्षांची होती. ह्यांनी सांगितलं, “तू जा, मी बघतो तिला.” हे म्हणायला तेव्हा छाती लागत होती, हे मात्र नमूद करते, कारण ते पहिल्या रांगेत बसलेत आणि आत्ता पुन्हा केस नीट करतायत.

अर्धा दिवस रजा टाकून दुपारची गाडी पकडली. बायकांच्या डब्यात खिडकी मिळाली. कळवा गेलं नाही तोवर समोरच्या बाईंनी विचारलं, “सोबत कोण आहे?” मी म्हटलं, कुणी नाही. “अगोबाई! मग पुण्याला माणसं आहेत का?” नाहीत. “मग लग्नकार्य?” नाही. गाणं ऐकायला चाललेय. त्यावर त्यांनी शेजारणीकडे अशी नजर टाकली की मी सासरहून पळून चाललेय आणि हिला आता कल्याणला उतरवून पोलिसात द्यायचंय. पुढे तिकीट तपासनीसानं तेच विचारलं. कल्याणला चढलेल्या एका आजींनीही तेच विचारलं. तिथं मी हार खाल्ली आणि ठोकून दिलं, “हे आहेत ना, पुढच्या डब्यात.”

झालं. आजी एकदम माझ्या झाल्या. डबा उघडला, डिंकाचा लाडू मला दिला, आणि दुसरा कागदात बांधून म्हणाल्या, “हा तुझ्या ह्यांना. लोणावळ्याला उतरून देऊन ये, गाडी थांबते.” आता काय करता? लोणावळ्याला उतरले, फलाटावर दोन डबे पुढे चालत गेले, लाडू पर्समध्ये टाकला आणि परत आले. आजी विचारतात, “आवडला का?” म्हटलं, फार आवडला, तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

एक राहिलंच. कर्जतला गाडीला मागून इंजिनं जोडतात, माहीत आहे ना? घाटाचा चढ सदतीसाला एक, पुढचं इंजिन एकटं खेचू शकत नाही, म्हणून मागून ढकलतात. त्या इंजिनांना रेल्वेवाले ‘बँकर’ म्हणतात. मी बँकेतली, मागून ढकलणारेही बँकर, मला फार बरं वाटलं. असो.

मांडवात पोचले तेव्हा काळोख पडला होता. शाळेचं मैदान, सतरंज्या, मागं खुर्च्या, आणि ती पुण्याची डिसेंबरची थंडी. लोक घोंगड्या, रजया, थर्मास घेऊन आलेले, जणू मुक्कामालाच. मी ठाण्याची. आपल्याकडे थंडी म्हणजे पंखा दोनावर. एक सुती शाल घेऊन गेले होते. घोळक्या-घोळक्यानं लोक बसलेले, मधे डबे उघडलेले, कुठं शिरावं कळेना. तेव्हा दिसलं की मांडवाच्या प्रत्येक खांबाशी एकेकटी माणसं बसलीत. का? घोळक्यातल्याला टेकायला शेजाऱ्याची पाठ असते, एकट्याला खांब लागतो. मी एक खांब गाठला. त्याला आधीच तिघं होते. एक मिरजेकडचे काका, धोतर आणि कानटोपी. एक कॉलेजातला मुलगा, वही घेऊन. एक नर्सबाई, ड्यूटीवरून तशाच आलेल्या. त्यांनी न बोलता सरकून जागा केली. चौघं, चारी बाजूंना तोंडं, खांब मधे. व्यासपीठ बघायला तिघांना मान वळवावी लागे, पण गाणं काय, मानेनं थोडंच ऐकायचं असतं. त्या खांबाशी मला एकानंही विचारलं नाही की सोबत कोण आहे.

रात्रभर एकेक कलाकार होत गेले. बाराला मी आजींचा लाडू खाल्ला, माझ्या वाट्याचा. दोनला ह्यांच्या वाट्याचा. बुवा कधी बसणार कुणाला सांगता येईना. चारच्या सुमारास डोळा लागला. आणि मग कुणीतरी कोपर ढोसलं. “उठा ओ ताई. बसले तुमचे.” मी काकांना कधी म्हटलं होतं, बुवांसाठी आलेय म्हणून? आठवत नाही. दिसलं असेल तोंडावर.

पूर्वेला फटफटत होतं. एवढीशी देहयष्टी, गळ्यापाशी मफलर, मागं मुलगा राजशेखर साथीला. आणि नेहमीसारखे एकदम आत. भैरव, म्हटलं मी मनात. भैरव मला ओळखता येत होता तेवढ्यात एक स्वर असा लागला की मी दचकले. भैरवात गंधार, म्हणजे ‘ग’, शुद्ध, हे मला पाठ होतं, आणि यांनी चक्क कोमल, म्हणजे उतरलेला, गंधार लावला. चुकले? माझे बुवा चुकले? एवढा जीव टाकून आले आणि यांचा सूर गेला? मी काकांकडे बघितलं. ते डोळे मिटूनच म्हणाले, “थांबा की. जाऊन परत येईल त्यो.” आणि आला. शुद्ध गंधार पुन्हा आला, भैरव जागच्या जागी, जसा काही घरातला माणूस शेजारच्या आळीत डोकावून आला. शिवमत भैरव. नाव त्या मुलाच्या वहीतून कळलं. नर्सबाई रडत होत्या, आवाज न करता, आणि नाक पुसायला त्यांनी माझी शाल वापरली.

पुढं काही वर्षं मी जात राहिले. खांब तोच धरायचा, बाकीचे असायचे. नावं शेवटपर्यंत विचारली नाहीत, आता वाटतं विचारायला हवी होती. १९९२ साली बुवांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच सप्टेंबरात ते गेले. त्या डिसेंबरात मी गेले नाही. काका आले होते की नाही, कळायला मार्ग नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. ‘दहा मिनिटे.’ अहो, विषयालाच येतेय. एकच गोष्ट. माझी नात घोडबंदरला राहते. २०२५ च्या जानेवारीत नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले हा इंग्रजी गाण्यांचा बँड आला होता, तीन दिवस. हिला एकच तिकीट मिळालं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलनं निघाली आणि स्टेशनवरून मला फोन केला. आणि मी, मी काय विचारलं असेल? “सोबत कोण आहे गं?” तोंडातून निघून गेलं! पलीकडून शांतता. मग म्हणते, “आजी, पुढच्या डब्यात आहेत.” ही गोष्ट तिला मीच सांगितली होती. रात्री व्हिडिओ पाठवला. सगळ्यांच्या मनगटाला पट्टे, गाण्याबरोबर पेटतात-विझतात, सगळं स्टेडियम एका तालात लुकलुकतंय. मी विचारलं, टेकायला काही होतं का? म्हणाली, उभंच होतो. बघा, यांना खांबसुद्धा नाही.

आता विषय. भराभर सांगते.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते उचलून धरले. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि ते दिवस ठाण्यात कशात जातात हे तलावपाळीच्या आसपास राहणाऱ्यांना मी सांगायला नको. मी नियमाच्या विरोधात नाही. नवरात्रात माझ्या खिडकीच्या काचा थरथरतात, तेव्हा मीच घड्याळाकडे बघत असते. पण त्यात रात्रभराच्या मैफली गेल्या. सवाईसुद्धा दुपारपासून रात्री दहापर्यंत आली. संगीतशास्त्री भातखंड्यांनी प्रहरांची, म्हणजे कोणता राग कोणत्या वेळी गायचा याची, जी मांडणी केली, त्यातले रात्रीचे पुढचे प्रहर जाहीर मैफलीतून जवळजवळ पुसले गेले. गवई काय करतात? दहाच्या आत दरबारी उरकतात. सोहनी-परज गायची वेळच येत नाही. शिवमत भैरव मग सकाळच्या सत्रात, इडली खाऊन आल्यावर.

आणि दुसरं नुकसान कुणी बोलत नाही. रात्रभराची मैफल ही एकट्या माणसाची धर्मशाळा होती. मला पुण्यात नातलग नव्हते, लॉजवर एकट्या बाईला खोली देताना हजार प्रश्न, पण मांडवात रात्र आपोआप सरायची आणि सकाळची गाडी मिळायची. दहाला संपलेल्या कार्यक्रमानंतर परगावच्या एकट्या बाईनं जायचं कुठं? ज्याच्याकडे गाडी आहे, सोबत आहे, पाहुणे आहेत, तो येणार. खांबाशी बसणारे गळाले ते आवडीअभावी नव्हे, उतरायला जागा नाही म्हणून.

चिठ्ठी. ‘दोन मिनिटे.’ बरं, बरं. तर नियमातच एक वाट आहे. बंद सभागृहात, आवाज आतल्या आत राहणार असेल तर, ही बंदी लागू नाही. नियम पाच वाचा. आपल्या ठाण्यात बंद नाट्यगृहं आहेत, छोटे हॉल आहेत. वर्षातून एक रात्र. शेवटच्या कर्जत लोकलच्या आत या, पहिल्या लोकलनं जा. तीन-चार गवई, पुरे. मध्यरात्रीनंतर कोणता राग कधी, त्याचं वेळापत्रक मी करून आणलंय, ते वाचायला आता वेळ नाही, अध्यक्षांकडे देते. अडचणी आहेत. हॉलवाले रात्रीचं सत्र बारालाच संपवतात, कर्मचाऱ्यांच्या रात्रपाळीचे पैसे द्यावे लागतील, पोलिसांना कळवावं लागेल, चारला चहा कोण करणार ते ठरलेलं नाही. आणि कर्जत-कसाऱ्याच्या लोकांना झोप आली तर पडायला सतरंज्या हव्यात, खुर्च्या नकोत. खुर्चीवर माणूस झोपला की घोरतो.

मी एक कागद फिरवतेय. ज्यांना यायचंय त्यांनी फक्त नाव आणि स्टेशन लिहा. एका कागदावर एकदाच लिहा, नवऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका. आणि पेन शेवटच्या रांगेतून परत पाठवा, ते माझं आहे.