अंगठ्यातला सांबा

श्रोतेहो, नमस्कार.

१९३८ सालचा डिसेंबर. कोपनहेगनमध्ये एक माणूस गिटार घेऊन माइकसमोर एकटाच बसला आणि ‘नोबडीज स्वीटहार्ट’ ही त्या काळातली गाजलेली अमेरिकन धून त्याने वाजवली. ती ध्वनिमुद्रिका मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा साथीला कोण आहे हे शोधत बसले होते. खाली कुणीतरी ठेका धरलाय, वर कुणीतरी सूर खेळवतोय, असंच वाटत होतं. पण साथीला कुणीच नव्हतं. दोन्ही कामं एकाच उजव्या हाताची होती.

त्या माणसाचं नाव ऑस्कर आलेमान. अर्जेंटिनाच्या उत्तरेकडच्या चाको प्रांतात १९०९ साली तो जन्मला. वडील गिटारवाले, आई तिथल्या तोबा या आदिवासी समाजातली. घरचंच वाद्यवृंद-पथक होतं, आणि हा सहा वर्षांचा पोर त्यात नाचायचा. पुढे कुटुंब ब्राझीलमधल्या सांतोस बंदरात गेलं. तिथे आई वारली, वडिलांनी जीव दिला, आणि दहा-अकरा वर्षांचा ऑस्कर रस्त्यावर आला. मोटारींची दारं उघडून द्यायची, नाचून दाखवायचं आणि मिळेल ते खायचं. त्यातूनही पै-पै साठवून त्याने वाद्य घेतलं, ते कावाकिन्यो. चार तारांची, कुशीत मावेल एवढी ब्राझिलियन गिटारच म्हणा. सांबा आणि शोरो हे तिथले संगीतप्रकार या वाद्याशिवाय उभे राहत नाहीत.

ही कावाकिन्योची गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा.

तरुण वयात गास्तोन ब्वेनो लोबो या ब्राझिलियन वादकाबरोबर त्याची जोडी जमली. दोघे ब्युनोस आयर्सला आले आणि १९२९ मध्ये युरोपात पोचले. पॅरिसमध्ये जोसेफिन बेकर या गाजलेल्या गायिका-नर्तकीने ऑस्करला आपल्या ताफ्यात घेतलं. अमेरिकन जॅझचा बडा बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन यालाही तो आपल्या बँडमध्ये हवा होता, पण बेकरबाईंनी सोडला नाही, असं सांगतात.

त्याच पॅरिसमध्ये जँगो राइनहार्ट होता. तो जिप्सींच्या मानूश जमातीतला. गाडीला लागलेल्या आगीत डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेलेली, तरी उरलेल्या दोन बोटांवर त्याने गिटारचं जग हलवून सोडलं. व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याने १९३४ मध्ये जो पंचक-वाद्यवृंद उभा केला, त्यात ड्रम नव्हता. ड्रमचं काम दोन साथीच्या गिटारी करत. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी मात्रा छाटल्यासारखी तोडायची: झं-छक्, झं-छक्. फ्रेंचमध्ये याला ‘ला पोंप’ म्हणतात, म्हणजे पंप. जिप्सी स्विंगचा, म्हणजे जिप्सी वादकांच्या या झुलत्या जॅझचा श्वास तो हाच.

जँगो आणि ऑस्कर मित्र होते. तरीही ऑस्करला ‘अर्जेंटिनाचा जँगो’ म्हणतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. जँगो पट्टीने, म्हणजे प्लेक्ट्रमने वाजवायचा. त्याचा सूर पाते फिरवल्यासारखा येतो. ऑस्कर अंगठ्यात नखी घालून उरलेल्या बोटांनी तारा छेडायचा. आता दोन्ही लयी हाताने मोजून पाहा. स्विंगमध्ये एका मात्रेचे तीन तुकडे कल्पायचे आणि पहिले दोन जोडायचे: टाऽ-कि, टाऽ-कि. मात्रा झोके घेते. सांब्यात मात्रेचे चार सारखे तुकडे, त-क-धि-मि, आणि जोर मात्र नेमका जिथे अपेक्षा नाही तिथे. ऑस्करचा अंगठा स्विंगच्या चालीने चालत असतो आणि बोटं मधूनच सांब्याच्या जागी जोर देऊन जातात. मला तरी ते असंच ऐकू येतं. माझ्या गिटारीवर हे करून पाहिलं, तर चौथ्या आवर्तनात अंगठाच बोटांच्या मागे धावू लागला. ते ठरवून जमवायचं मिश्रण नव्हेच. सांतोसच्या रस्त्यावर कावाकिन्योने हाताला लावलेली सवय पॅरिसमध्येही सुटली नाही, एवढंच.

लॅटिन ताल आपल्या कानाला परके नाहीत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतून आणि गोव्याच्या वादकांच्या हातून ते मुंबईच्या स्टुडिओंत केव्हाच येऊन बसले. म्हणून ऑस्करचं वादन पहिल्याच ऐकण्यात ओळखीचं वाटतं.

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. काळ्या वर्णाच्या या कलावंताला तिथे राहणं शक्य नव्हतं. स्पेनच्या सीमेवर सैनिकांनी आपल्या धातूच्या गिटारी काढून घेतल्या, असं तो सांगे. अकरा वर्षांची कमाई मागे टाकून तो ब्युनोस आयर्सला परतला. तिथे एर्नान ओलिव्हा या व्हायोलिनवादकाला घेऊन त्याने स्विंगचं नवं पंचक बांधलं. या काळात ‘टिको-टिको’सारखा ब्राझिलियन शोरोही तो स्विंगच्या शेजारीच वाजवायचा, आणि एकातून दुसऱ्यात शिरताना कुठे सांधा दिसत नाही. पुढे आवड बदलली, तो जवळजवळ विस्मरणात गेला, घरी शिकवण्या घेऊ लागला. सत्तरच्या दशकात लोकांना त्याची पुन्हा आठवण झाली. १९८० मध्ये तो गेला.

आता तीच कोपनहेगनची ध्वनिमुद्रिका लावते. पहिल्यांदा नुसता अंगठा ऐका, खालच्या तारा. सूर आपोआप कानावर येईलच.