आधी जातो तो कोन

(दृश्य: पुण्यातल्या एका पेठेतलं सायकलचं दुकान. फरशीवर उलटी उभी केलेली काळी सायकल.)

पावसाळा सरला की सायकलच्या दुकानांत ओव्हरऑइलिंगची गर्दी सुरू होते. या सायकलची तक्रार एवढीच, की पुढचं चाक कुरकुरतं.

काका आधी पाना उचलत नाहीत. एक हात फोर्कवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवतात. खरखर कानापेक्षा हाताला लवकर कळते. मग रिम धरून डावी-उजवीकडे हलवतात. खट्‌खट्‌. म्हणजे आत ढिलं पडलंय.

(हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडतो.)

ग्रीसचा झालाय तांबूस चिखल. छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या बारीक पोलादी गोळ्या, रॉकेलच्या वाटीत पडतात. पुढच्या चाकाचे तीन सोळांश इंची, एका बाजूला १०. मागच्या चाकाला पाव इंची लागतात, बाजूला ९.

१८६९ मध्ये पॅरिसच्या ज्यूल सुरिरे यांनी सायकलच्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. त्याच नोव्हेंबरात जेम्स मूर यांनी पॅरिस ते रूआँ ही शर्यत असल्याच बेअरिंगच्या सायकलवर जिंकली. तेव्हापासून नाव झालं ते छर्ऱ्यांचं, आणि बोलही त्यांनाच लागतात. पण हा कोन बघा, म्हणजे छर्रे ज्यावर टेकतात तो एक्सलवरचा शंकूसारखा तुकडा.

(कोनाचं जवळून दृश्य.)

बाकी सगळा चकचकीत, एकाच अंगाला खड्डे. चाकाबरोबर हबमधला कप, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, फिरतो, त्यामुळे त्याची झीज गोलभर वाटली जाते. कोन मात्र एक्सलवर जागच्या जागी. स्वाराचं वजन वर्षानुवर्षं त्याच्या खालच्या बाजूवरच. त्यामुळे बहुतेक वेळा आधी जातो तो कोन. बरं हे, की तो नवा बसतो. कप खराब झाला तर पुष्कळदा अख्खा हबच बदलावा लागतो.

छर्रे मात्र सगळेच नवे. जुन्यांत एखादाच नवा घातला, तर तो केसभर मोठा असतो. घरातल्या थोरल्यासारखा भार त्याच्यावरच येतो.

(कपात ग्रीस. चिमट्यानं एकेक छर्रा बसतो.)

महागड्या सायकलींत बऱ्याचदा सीलबंद बेअरिंग असतं. ते उघडायचं नाही, आख्खं बदलायचं. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. आतल्या कड्यावर ठोकलं, तर तो मार छर्ऱ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खळगे पडतात.

इथलं खरं कसब शेवटच्या पाव फेऱ्यात आहे. पोरगा कोन आवळतो.

“काका, बसला घट्ट.”

“आता सोड जरासा.”

कारण बाहेरचा नट आवळला, की कोनही किंचित दाबला जातो. तेवढी जागा आधीच ठेवायची. पहिल्या खेपेला चाक जड फिरतं. पुन्हा नट सैल, पुन्हा कोन. तिसऱ्या खेपेला काका चाक उचलून नुसतं सोडून देतात.

(चाक आपोआप हलतं. व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनानं खाली येतो, पुढे जातो, मागे येतो, आणि अगदी तळाशी येऊन थांबतो.)