रकान्यात न मावणारा पत्ता

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेवर आजचा विषय 'परदेशी वापरकर्त्यांसाठी संकेतस्थळाची रचना' असा छापला आहे आणि त्यात 'भाषांतर' हा शब्द येऊ नये, असे मी संयोजकांना मुद्दाम सांगितले होते. संकेतस्थळ इंग्रजीत तयार करावे, अखेरीस मजकूर भाषांतरकाराकडे धाडावा आणि आलेली वाक्ये जागच्या जागी चिकटवावीत, म्हणजे काम संपले, अशी आपल्या व्यवसायात समजूत आहे. माझा अनुभव असा की परका माणूस मजकूर कसाबसा वाचून काढतो आणि फॉर्मच्या रकान्यापाशी येऊन अडतो. कारण माणसाचे नाव कसे असते आणि पत्ता कसा असतो, याविषयीच्या आपल्या घरगुती कल्पना आपण त्या रकान्यात नकळत कोंडून ठेवलेल्या असतात.

पत्त्यापासून सुरुवात करतो, कारण या बाबतीत आपल्याकडे एक पूर्वसूरी होऊन गेले आहेत आणि त्यांचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची गावे देशभर विखुरलेली आणि पत्ते निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले, ही मूळ अडचण होती. (नुसते 'वडगाव' म्हटले तर कोणते, हे आपल्यालासुद्धा विचारावे लागते.) तमिळ लिपीतला पत्ता नागपूरच्या कर्मचाऱ्याला वाचता आला नाही, तरी पहिल्या अंकावरून विभाग, पहिल्या तीन अंकांवरून छाननीचा जिल्हा आणि शेवटच्या तिनांवरून टपाल कार्यालय त्याला कळावे, अशी ही योजना आहे. तिने पत्ता लिहिणाऱ्याला आपली रीत सोडायला लावले नाही. 'मारुतीच्या देवळासमोर, मागचा जिना, दुसरा मजला' हे सगळे तसेच राहिले आणि यंत्रणेला हवे तेवढे सहा अंक फक्त जास्तीचे मागितले गेले. परक्या वापरकर्त्याचा इतका विचार केलेला रकाना मी नंतर फारसा पाहिलेला नाही.

आपण मात्र तो सहा अंकांचा रकाना साऱ्या जगाला सक्तीचा करून ठेवतो. कॅनडाच्या कोडमध्ये अक्षरे असतात, आयर्लंडमध्ये देशभराचा कोड २०१५ साली आला, हाँगकाँग आणि संयुक्त अरब अमिराती यांचे कोडवाचून काहीच अडत नाही. माझी बहीण दुबईला असते. ती प्रत्येक फॉर्मवर निमूटपणे सहा शून्ये भरते आणि तिकडे कोणीतरी ती शून्ये 'ग्राहकांची माहिती' म्हणून जपून ठेवते.

आता आईच्या नावाची गोष्ट. मी ती दर व्याख्यानात सांगतो, तेव्हा ज्यांनी ऐकली आहे त्यांनी कृपया पुन्हा हसावे. बहिणीकडे जाण्यासाठी मी आईचे विमानाचे तिकीट काढले. पासपोर्टवर तिचे आणि वडिलांचे नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत. त्या संकेतस्थळाच्या रकान्याला मधली मोकळी जागा मान्य नव्हती, त्यामुळे तिकिटावर 'सुमतीगोविंद' अशी एक नवीच व्यक्ती अवतरली. विमानतळावर खिडकीतल्या मुलीने त्याच नावाने हाक मारली, तेव्हा आई म्हणाली, "लग्नात माझं नाव बदललं तेव्हा निदान तांदळात लिहून दाखवलं होतं. इथे कुणी विचारलंसुद्धा नाही." इंडोनेशियात कित्येकांना एकच नाव असते, आइसलँडमध्ये दुसरे नाव बहुधा वडिलांच्या नावावरून आलेले असते, स्पेनमध्ये आडनावे दोन असतात. या सर्वांना पुरेल असा उपाय अगदी साधा आहे: पूर्ण नावासाठी एकच ऐसपैस रकाना ठेवावा आणि हाक कोणत्या नावाने मारावी, हे गरज असेल तर वेगळे विचारावे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत, म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता त्यांत बसवायला हवा.

वाक्ये तुकड्यांनी जोडू नयेत. 'अमुक शहर' अधिक 'मध्ये' असे सूत्र लिहिले की मराठीत 'पुणे मध्ये हॉटेल' उगवते, कारण 'पुणे'चे सामान्यरूप 'पुण्या' होते हे त्या सूत्राला ठाऊक नसते. चेक भाषेतही 'प्राहा'चे, म्हणजे प्राग शहराचे, 'प्रागमध्ये' म्हणताना 'व् प्राझे' होते. तेव्हा भाषांतरकाराच्या हाती सबंध वाक्य द्यावे. अनेकवचनाचेही तेच आहे, कारण संख्येनुसार अरबीत सहा प्रकारची रूपे सांभाळावी लागतात.

०३/०४ ही तारीख आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च असते, म्हणून महिना अक्षरांत लिहावा. आपण १२,३४,५६७ लिहितो तिथे जर्मन माणूस १.२३४.५६७ लिहितो आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतो. अरबी, हिब्रू किंवा उर्दू पानात अक्षरांबरोबर सगळी मांडणीच उलटते आणि 'मागे' नेणारा बाण उजवीकडे वळतो. दूरध्वनी क्रमांक मात्र डावीकडूनच वाचला जातो. याची चाचणी ती लिपी रोज वाचणाऱ्या माणसाकडून करवून घ्यावी.

भाषा निवडण्यासाठी झेंडे लावू नयेत, हे एवढे सांगून थांबतो. स्पॅनिश ही वीसएक देशांची राजभाषा आहे, एकट्या स्वित्झर्लंडला चार राष्ट्रीय भाषा आहेत आणि मराठीसाठी कोणता झेंडा लावणार, हा वाद सुरू झाला तर अध्यक्षांना दुसरी चिठ्ठी पाठवावी लागेल. भाषेचे नाव त्याच भाषेत आणि त्याच लिपीत लिहावे. म्हणजे चुकून जपानी पानावर जाऊन पोचलेल्या माझ्या आईला त्या गर्दीत 'मराठी' ही तीन अक्षरे सापडतील.