बाळ, माळ, पाळ

(दृश्य: ठाण्यातल्या एका मराठी शाळेचा वर्ग. खिडकीतून रिक्षांचा आवाज. पंखा सुरू.)

शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे. मुलं घरी गेली आणि त्यांच्या बाकांवर आता प्रशिक्षणाला आलेले वर्गशिक्षक बसले आहेत. कोणी कळव्याहून आलंय, कोणी वर्तकनगरहून, दोघीजणी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने. बाक लहान आहेत, गुडघे आडवे येतात. समोर दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका उभ्या आहेत. त्यांचे ओठ हलतात, पण आवाज येत नाही.

"काय म्हणाले मी? लिहा वहीत."

कोणी लिहितं बाळ, कोणी माळ. मागच्या बाकावरच्या सरांनी दोन्ही लिहून एक खोडलंय.

मॅडमचा शब्द होता पाळ. कानाची पाळ.

प, ब आणि म हे तिन्ही ओठ मिटूनच उमटतात. नुसत्या ओठांकडे बघणाऱ्याला त्यांच्यातला फरक कळत नाही. ज्या मुलाला कमी ऐकू येतं, ते सकाळपासून शाळा सुटेपर्यंत हेच कोडं सोडवत बसलेलं असतं. आपण फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो, की त्याला ओठही दिसेनासे होतात.

(दृश्य: वहीचं पान, अगदी जवळून.)

ऐरोलीच्या एका बाई तपासायला आणलेल्या गठ्ठ्यातून एक वही काढतात. चौथीतला मुलगा. श्रुतलेखन. 'माळ'च्या जागी 'बाळ', लाल फुली. 'पान'च्या जागी 'मान', फुली. 'बोट'च्या जागी 'पोट', पुन्हा फुली. मुलगा कानामागे श्रवणयंत्र लावतो, हे बाईंना ठाऊक होतं. या फुल्यांचा त्याच्याशी काही संबंध असेल, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्या वही मिटत नाहीत, तशीच समोर उघडी ठेवतात.

बाईंनी याआधीही प्रशिक्षण घेतलंय. सभागृह भरून शिक्षक, पडद्यावर दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांची यादी, चहा, हजेरीपटावर सही. यादी चुकीची नव्हती. १९९५च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्याने ते २१ केले आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पण सोमवारी वर्गात गेल्यावर त्या यादीचं करायचं काय, हे बाईंच्या हाती पडलं नाही.

विशेष शिक्षकाचं काम वेगळं. त्यासाठी विशेष बी.एड.सारखी पदवी किंवा पदविका घ्यावी लागते, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. प्राथमिकला दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. आता एका शाळेत अशी दोन-तीनच मुलं असली, तर त्या शिक्षकाला शाळा फिरत राहावं लागतं. तो येतो, तासभर बसतो, पुढच्या शाळेला निघतो. बाकीचा सगळा वेळ मूल वर्गशिक्षकाकडेच. म्हणून आम्हाला वाटतं, आधी हात धरायला हवा तो वर्गशिक्षकाचा. शिकवणारे दूर नाहीत. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र आहे, वांद्र्याला वाचा व श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

(दृश्य: ब्रेल पाटी, जाड कागद, हातात टोचणी.)

चहानंतर ब्रेल. शब्द सोपा, कमळ. एका अक्षराला सहा टिंबांचं घर. पण पाटीवर टोचायचं उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर उलटं, कारण कागद पालटल्यावर टिंबं दुसऱ्या बाजूला उठतात. कळव्याच्या सरांनी सवयीने डावीकडून सुरुवात केली. कागद पालटून बोट फिरवलं, तर क कुठेच सापडेना. दुसरा कागद. मग तिसरा. तीन अक्षरांना दहा मिनिटं गेली.

"माझ्या वर्गातली मुलगी उतारेच्या उतारे ब्रेलमध्ये उतरवून घेते," सर म्हणतात, "आणि मी तिला रोज म्हणतो, आटप लवकर."

परीक्षेत अशा मुलांना दर तासामागे २० मिनिटं जादा का देतात, हे त्यानंतर मॅडमना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

(दृश्य: दोन आठवड्यांनंतर. ऐरोली, चौथीचा वर्ग.)

या मॅडम शनिवारनंतर शिक्षकाला सोडून देत नाहीत, हे आम्हाला फार मोलाचं वाटलं. आज त्या ऐरोलीत शेवटच्या बाकावर बसून बाईंचा तास बघताहेत. बाई खिडकीला पाठ करून उभ्या राहतात, त्यामुळे चेहरा अंधारात जातो. मॅडम हातानेच खुणावतात, इकडे या. बाई समोरच्या भिंतीकडे सरकतात, उजेड तोंडावर येतो. मुलगा दुसऱ्या बाकावर आलाय. श्रवणयंत्र बाईंचा आवाज वाढवतं, तसा पंख्याचा आणि बाक सरकल्याचाही वाढवतं. म्हणून वर्गातल्या पोरांनी क्रिकेटचे जुने रबरी बॉल कापून बाकांच्या पायांना बसवलेत. ही कल्पना मॅडमनी दिली, बॉल मात्र अख्ख्या वर्गाने गोळा केले.

श्रुतलेखन सुरू होतं. आता सुटे शब्द नाहीत, पूर्ण वाक्यं. बाई मुलांकडे तोंड करून सांगतात, "आईने देवाला फुलांची माळ घातली."

मुलगा लिहू लागतो. आईने. देवाला. फुलांची. इथे पेन्सिल थांबते आणि तो वर बघतो. बाई गळ्याभोवती बोट फिरवतात.

तो मान डोलावतो आणि म काढतो.