रात्रपाळीला उपयोगी पडेल असा कागद

पेशंटचे शेवटचे काही दिवस उरलेत, आजार बरा होणार नाही हे सगळ्यांना कळलंय, पण धाप थांबत नाही, किंवा भ्रम झालाय आणि तो सारखा अंथरुणातून उठायला बघतोय. दुसरं काहीच लागू पडत नसेल तेव्हा औषध देऊन त्याची शुद्ध मुद्दाम कमी करतात, हे पॅलिएटिव्ह सिडेशन. आता याची गाइडलाइन लिहायला बसलं की औषधावर फारसा वाद होत नाही, बहुतेक ठिकाणी मिडाझोलॅमच वापरतात. वाद होतो तो 'आता दुसरा उपाय उरला नाही' हे ठरवायचं कोणी यावर.

कारण भ्रम तर तुंबलेल्या लघवीनेही होतो, एखाद्या औषधानेही होतो, ते न बघताच झोपवलं तर काय उपयोग? आणि रात्री दोन वाजता वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर एकटाच असतो, त्यामुळे फोन कोणाला करायचा, कोणाच्या परवानगीने सुरू करायचं, हे कागदावर पाहिजेच. नाहीतर मग मॉर्फिन चढवलं जातं. मॉर्फिन दुखण्यासाठी आणि धापेसाठी, आधीपासून चालू असेल तर चालू ठेवायचं, पण गुंगीसाठी वाढवत नेलं तर भ्रम उलट वाढू शकतो.

नातेवाईक विचारतातच, हे इच्छामरण ना? नाही. तिथे मृत्यू घडवायचा असतो, इथे डोस थोडा थोडा वाढवून त्रास शमला की थांबायचं असतं. नेदरलँड्सच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2005 मध्ये गाइडलाइन काढली तेव्हा सतत, गाढ गुंगीसाठी अट घातली, मृत्यू एक-दोन आठवड्यांत अपेक्षित हवा. का, तर गाढ गुंगीत माणूस खात-पीत नाही, आयुष्य बरंच बाकी असेल तर पाण्यावाचूनच जीव जाईल. सलाइन द्यायचं की नाही हा निर्णय मात्र वेगळा घ्यायचा आणि वेगळा लिहायचा.

नर्सने बघायचं ते मुख्यतः चेहरा, कण्हणं, श्वासाची धडपड, सारखं बीपी नाही.

आणि सुरू करण्याआधी घरच्यांना सांगायचं, यानंतर बहुधा बोलणं होणार नाही, काय बोलायचंय ते आत्ताच बोला. हे वाक्य गाइडलाइनमध्ये जसंच्या तसं छापावं, कारण ऐनवेळी ते कोणालाच सुचत नाही.