अर्ध्या तासाने, त्याच ठिकाणी

नमस्कार, श्रोतेहो.

कुठल्याही संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस काढून बघा. मागील सभेचं इतिवृत्त, जमाखर्चाला मंजुरी, आयत्या वेळचे विषय, आणि तळाशी एक ओळ: ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.’ गणसंख्या म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी. ओळ नियमाला धरूनच आहे. पण तिची आम्हाला इतकी सवय जडली होती, की सहाची सभा म्हणजे साडेसहाला निघायचं.

मी ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका लहानशा वाचनालयाचा अकरा वर्षं कार्यवाह होतो. सभासद साडेचारशे, सभेला सतरा-अठरा. त्यातले अकरा आम्हीच, कार्यकारिणीचे. आम्ही म्हणायचो, लोकांना हल्ली वेळ कुठे आहे? पण हीच मंडळी गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला सकाळी सकाळी कौपिनेश्वराच्या देवळापाशी नटूनथटून उभी असायची. कुणाकडे रांगोळी, कुणाकडे चित्ररथ, कुणाकडे पाणीवाटप. तिथे त्यांच्या नावावर काम होतं. आमच्याकडे होती ती फक्त वर्गणीची पावती.

एका सभेत मागच्या रांगेतल्या एक ताई उठल्या. म्हणाल्या, पुस्तकबांधणीचा खर्च यंदा दुप्पट कसा? मला राग आला. मी म्हणालो, ‘एवढी शंका असेल तर या की कमिटीत!’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, आणि ते कशासाठी म्हणतात तेही ठाऊक आहे. समोरच्याने गप्प बसावं म्हणून.

ताई गप्प बसल्या नाहीत. रविवारी दहाला आल्या. मी व्हाउचरची फाइल पुढे ठेवली. त्यांनी टेबलावर सगळी बिलं तारीखवार मांडली, पंख्याने उडू नयेत म्हणून वर शब्दकोश ठेवला, आणि तासाभरात एकाच नंबरची दोन बिलं माझ्यासमोर सरकवली. बाइंडरने नजरचुकीने दिलेली, मी न बघता सही केलेली. आज त्या खजिनदार आहेत. प्रश्न विचारणारा माणूस संस्थेवर जीव असल्याशिवाय उठत नाही, हे मला तेव्हा कळलं.

किल्ल्यांचंही तसंच. त्या माझ्या घरी असायच्या. मला डेंग्यू झाला आणि वाचनालय नऊ दिवस बंद राहिलं. माझ्यावाचून अडतं याचं मला बरं वाटलं होतं, आणि त्याची आज खंत वाटते. कागदपत्रांची गतही तीच होती. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमचे एक विश्वस्त वारले, तो रिपोर्ट माझ्या डोक्यातच राहिला, आणि दिवंगत माणसाचं नाव दप्तरी तसंच. दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं, तर आठवण कोण करणार?

आपल्या ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं. त्याचे संस्थापक विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम विशीत होते. आज विशीतल्या मुलाला आपण काय सांगतो? सतरंज्या उचल, फोटो टाक. ठराव सुरू झाला की त्याला चहा सांगायला बाहेर पाठवतो. नवीन पुस्तकांची निवड आम्ही गेल्या वर्षी तीन कॉलेजच्या मुलांवर सोपवली, पैशांसकट. त्यांची दोन पुस्तकं मला मुळीच पसंत नव्हती. ती सतत बाहेर असतात.

यंदा नोटीस लावून आम्ही थांबलो नाही. प्रत्येक कार्यकारिणी सदस्याने पंचवीस-तीस घरी फोन केले. ‘सभेला या’ एवढंच नाही, तर ‘तुम्ही बँकेत होता, हिशेब तपासायला बसाल का?’ असं, त्या त्या माणसाचं काम बघून. किल्ल्यांचे तीन जुडगे केले, पाळ्या लावल्या.

नोटिशीतली तळाची ओळ होतीच. पण सहा वाजून दहा मिनिटांनी गणसंख्या भरली. वाचनालय सकाळी उघडावं की रात्री उशिरापर्यंत ठेवावं, यावर नऊपर्यंत चर्चा चालली. मी जिना उतरलो तेव्हा दोघे जण पायऱ्यांवर बसून तोच मुद्दा पुढे नेत होते.

नमस्कार.