बसंतरची धूळ, १:३५ मापात

समोर दिसणारी प्रतिकृती सेंच्युरियन रणगाड्याची आहे. खरा सेंच्युरियन सुमारे ५१ टन वजनाचा आणि ३.३९ मीटर रुंद असतो. १:३५ या प्रमाणात त्याची रुंदी ९.७ सेंटिमीटरच्या आसपास भरते. जोडकाम संपले आहे आणि हिरव्या रंगाचा थर पूर्ण वाळला आहे, तरीही हा रणगाडा अजून प्लॅस्टिकचा वाटतो, कारण त्याच्या अंगावर अद्याप काहीच घडलेले नाही. तो कोणत्या मातीतून गेला, त्यावर कोण कोठून चढले, इंजिन किती तापले, याच्या खुणा रंगाने उमटवण्याच्या कामाला या छंदात वेदरिंग म्हणतात.

ब्रश हातात घेण्यापूर्वी दिवस आणि जागा ठरवावी लागते. येथे दिवस आहे १६ डिसेंबर १९७१ आणि जागा आहे शकरगड क्षेत्रातील बसंतर नदीचा परिसर, जेथे भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स या रेजिमेंटच्या सेंच्युरियन रणगाड्यांनी पाकिस्तानी पॅटन रणगाड्यांचे हल्ले परतवले. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल त्या दिवशी ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमधून लढत होते. वयाच्या एकविसाव्या वर्षी तेथेच त्यांना वीरमरण आले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. तो रणगाडा युद्धानंतर दुरुस्त करून अहिल्यानगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला आहे.

अहिल्यानगरलाच १९९४ पासून कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, आणि रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्या मराठी माणसाला यापेक्षा मोठी सोय नाही. तेथे सेंच्युरियनभोवती फिरून त्याचे वेल्डिंगचे सांधे, ओतीव टरेटचा (तोफ बसवलेल्या फिरत्या बुरुजाचा) खरबरीत पोत आणि ट्रॅकच्या (चाकांभोवतीच्या पोलादी पट्ट्याच्या) कड्यांची ठेवण डोळ्यांनी पाहता येते. मात्र संग्रहालयातील रणगाड्याकडून आकार शिकावा, झीज शिकू नये. वर्षानुवर्षे एकावर एक रंग चढल्याने त्याच्या कडा बोथट झालेल्या असतात, आणि सांध्यांतून ओघळलेला गंज हा अनेक पावसाळे एका जागी उभे राहिल्याचा असतो. चालत्या रणगाड्याची कळा वेगळी असते. १९७१ चे युद्ध पश्चिम आघाडीवर ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. ऐन हिवाळ्यातील त्या दोन आठवड्यांत रंगवलेल्या जाड पोलादावर नारिंगी गंजाचे ओघळ उतरणे संभवत नाही. म्हणून या प्रतिकृतीवर धूळ, माती आणि वंगण यांना पहिला मान आहे, गंजाला अगदी थोडी जागा आहे. प्रदर्शनांत मात्र लढाईतील रणगाडे भंगारात काढल्यासारखे गंजलेले दिसतात. त्यांतील हातोटी निःसंशय मोठी असते, पण त्या रणगाड्याचा इतिहास त्यामुळे खोटा ठरतो.

झीज शिकायची असेल तर रस्त्याच्या कामावरील पोकलेन लक्षपूर्वक पाहावे. चालक ज्या पायरीवर रोज पाय ठेवतो तेथील रंग उडालेला असतो, दाराच्या मुठीभोवतीचा भाग हातांनी गुळगुळीत होतो, आणि ट्रॅकच्या जमिनीला घासणाऱ्या कडा चांदीसारख्या चकाकत असताना त्याच कड्यांच्या खोबणीत माती घट्ट बसलेली असते. रणगाड्यावरही याच जागा शोधायच्या: टरेटवरील झाकणांच्या कडा, चढण्याच्या जागा, अवजारांच्या पेट्यांचे कोपरे आणि बाजूच्या पातळ पत्र्यांच्या खालच्या कडा.

रंग उडाल्याची खूण उमटवण्यासाठी येथे साधा हेअरस्प्रे वापरला आहे. तळाशी गडद तपकिरी थर, त्यावर हेअरस्प्रे आणि त्यावर हिरवा ॲक्रिलिक रंग, असा क्रम असतो. हिरवा रंग वाळल्यावर त्यावर पाण्याचा ओला ब्रश फिरवला की पाणी वरच्या थरातून झिरपते, खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि रंगाचे बारीक तुकडे आपोआप सुटतात. हाताने रंगवलेल्या ठिपक्यांना असा अनियमित आकार क्वचितच येतो. येथे प्रमाणाचे गणित सतत मनात ठेवावे लागते. प्रतिकृतीवरील १ मिलिमीटरचा ठिपका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा टवका असतो, आणि तसे टवके शेकड्यांनी उडालेला रणगाडा कोणत्याही रेजिमेंटमध्ये सापडणार नाही.

यानंतर तैलरंग येतात. बर्न्ट अम्बर या गडद तपकिरी छटेचा थोडा रंग पुठ्ठ्याच्या तुकड्यावर काढून ठेवला आहे, कारण पुठ्ठा त्यातील जवसाचे तेल शोषून घेतो आणि मग रंग लवकर व चमक न येता वाळतो. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला हा रंग बारीक ब्रशच्या टोकाने बोल्टच्या बुडाशी आणि सांध्यांत सोडला की तो खाचेतून स्वतःच धावतो आणि प्रत्येक उंचवट्याला सावली मिळते. खालचा थर ॲक्रिलिकचा असल्याने टर्पेंटाइन त्याला सहसा धक्का लावत नाही. एकावर एक इतके थर देता येतात ते रंगांच्या या वेगळेपणामुळेच. मग उभ्या बाजूंवर फिक्या रंगाचे सूक्ष्म ठिपके ठेवून, टर्पेंटाइनने जेमतेम ओला केलेला ब्रश वरून खाली ओढला आहे. दव आणि पाणी धुळीला ज्या दिशेने नेते, तीच दिशा ब्रशने धरायची असते.

इंजिनाच्या बाजूला अधिक विचार करावा लागतो. सेंच्युरियनचे ६५० अश्वशक्तीचे मीटिअर इंजिन पेट्रोलवर चालत असे. डिझेलवर चालणाऱ्या टी-५५ या सोव्हिएत रणगाड्याच्या टाकीच्या झाकणाभोवती जे काळपट, तेलकट डाग शोभतात, ते येथे तसेच्या तसे उतरवणे चूक ठरेल, कारण सांडलेले पेट्रोल लवकर उडून जाते. येथे डाग फिका आणि आखूड ठेवला आहे. मागील मडगार्डांवर बसवलेले सायलेन्सर मात्र पातळ पत्र्याचे असतात आणि वारंवार तापून थंड होतात. या रणगाड्यावर मोकळ्या हाताने गंज रंगवण्याची हीच एक जागा आहे, आणि तेथे बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचे दोन-तीन थर दिले आहेत.

ट्रॅक मँगनीजयुक्त पोलादाचे असतात. त्यांना गडद तपकिरी रंग देऊन जमिनीला टेकणाऱ्या कडांवर पेन्सिलीतील ग्रॅफाइट घासले आहे. मागच्या दातेरी चाकाच्या दातांनाही तीच चकाकी दिली आहे.

शेवटी माती. नदीपात्र आणि शेते ओलांडलेल्या रणगाड्यावर ती एका रंगाची नसते. चाकांमागे ओला, गडद चिखल, त्याच्या वर वाळलेली फिकट माती आणि टरेटवर धुळीचा विरळ थर, अशी ती खालून वर बदलत जाते. खालच्या भागासाठी प्लॅस्टर आणि पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) कालवून ब्रशने उडवले आहे. वरच्या धुळीसाठी कोरडे पिगमेंट कोपऱ्यांत ठेवून त्यावर टर्पेंटाइनचा थेंब सोडला आहे आणि माणसांचा वावर असलेल्या जागा पुन्हा पुसून मोकळ्या केल्या आहेत. यावर वॉर्निश फवारलेले नाही, कारण वॉर्निशखाली पिगमेंटचा फिकेपणा निघून जातो. परिणामी या रणगाड्याला आता बोट लावता येत नाही आणि तो तळाच्या लाकडी फळीला धरूनच उचलावा लागतो. त्याला काचेची पेटीही लागते: घरातील खऱ्या धुळीचा कण १:३५ या प्रमाणात लहान होत नाही, आणि तो टरेटवर बसला तर खड्याएवढा दिसतो.